बुटाला भोकं कशाला?

“ताई, एखादी विरलेली साडी असेल का हो तुमच्याकडे?”

मेंदीच्या कुंपणापलीकडून वहिनींचा आवाज आला, तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते. देवळाली कॅम्पात मे महिन्यातही सकाळी जरा गारवा असतो. त्यामुळे वाळवणाची कामं याच वेळात उरकायची, असा आमच्या गल्लीचा रिवाज. आमच्या दोन बंगल्यांमधली मेंदी कमरेएवढी आणि तिच्यात मधोमध एक खिंडार. विरजण, कढीपत्ता, रविवारची पुरवणी आणि गल्लीतल्या बातम्या यांची ने-आण गेली वीस वर्षं त्या खिंडारातूनच चालते.

“साडी देते, पण घातलंय काय? पापड?”

“कुरडया. निम्म्या खाटेवर कुरडया आणि निम्म्या खाटेवर… तुम्हीच बघा येऊन. मी बोलले तर म्हणाल, वहिनी नवऱ्याच्या चहाड्या करतात.”

चहाड्या ऐकायलाच तर मी चहाचा कप घेऊन कुंपणाशी आले होते. बघते तो काय, खाटेच्या उशाकडे पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा आणि पायथ्याकडे बूट. हिरवट कॅनव्हासचे, काळ्या चामड्याचे, कुणाची नाडी गेलेली, कुणाची जीभ बाहेर आलेली. सगळे कसे पंगतीला बसल्यासारखे ऊन खात होते.

“माळा झाडायला काढला,” वहिनी म्हणाल्या. “कुबट वास सुटला होता. म्हटलं, पाऊस लागण्याआधी गोधड्यांना ऊन दाखवतो तसं यांनाही दाखवावं.”

तेवढ्यात अण्णा बाहेर आले. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस. “अगं उचल ते! उचल! रबर आहे त्याला! उन्हानं तडकतं!”

“तुमचं रबर तडकतं आणि माझ्या कुरडया वाळतात. ऊन एकच आहे. एकाचं भलं झालं तर पुष्कळ.”

अण्णांनी फेसासकट बूट उचलले आणि आंब्याच्या सावलीत नेऊन मांडले. मी कप कुंपणाच्या खांबावर ठेवला. चहा आता निवणार हे माझ्या लक्षात आलं होतं.

अण्णा बँकेतून निवृत्त झाले, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की आता हे भजनी मंडळात जातील, नाहीतर गुलाबाची कलमं करतील. यांनी बूट धरले. तेही साधेसुधे नाहीत. उष्ण कटिबंधात, म्हणजे जंगलात, दलदलीत, पावसात लढायला निघालेल्या सैनिकांसाठी वेगवेगळ्या देशांनी जे खास बूट बनवले, फक्त ते. बर्फातले बूट कुणी फुकट दिले तरी नकोत. संग्राहक माणसाला सोवळंओवळं फार.

“पहिला जोड पुतण्यानं अमेरिकेहून आणला,” वहिनी सांगू लागल्या. “मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसले होते, की बदाम-अक्रोड येतायत. बॅग उघडली तर वर टी-शर्ट आणि खाली हे. कुणाच्या पायातले, कुठले, देव जाणे! मी आधी गोमूत्र शिंपडलं आणि मग घरात घेतले.”

“गोमूत्र शिंपडलं म्हणूनच डाव्याच्या चामड्यावर डाग आहे,” अण्णा सावलीतून म्हणाले.

त्यातला एक बूट मी हातात घेतला. खाली काळं चामडं, वर हिरवं जाडं कापड, तळाला रबराचे जाड दाते. बरा जड होता. पण माझी नजर गेली ती आतल्या अंगाला, पायाची कमान जिथे येते तिथल्या दोन बारीक छिद्रांकडे. नीट धातूच्या कड्या बसवलेली, मुद्दाम पाडलेली भोकं.

“अण्णा, बुटाला भोकं कशाला?”

वहिनींनी कपाळावर हात मारला. “ताई, हे का विचारलंत! आता दुपारपर्यंत काही खरं नाही.”

पण अण्णा आत गेले होते. परत आले ते तसेच दिसणारे, पण नवेकोरे बूट पायात घालून. हे नकली, बागेत घालायचे. अस्सल जोड ते कधीच पायात घालत नाहीत. एका हातात तांब्या. आणि आमच्यादेखत त्यांनी तांब्याभर पाणी उजव्या बुटात ओतलं.

“अहो, मे महिना आहे! टँकर सांगावा लागतोय आणि तुम्ही बुटात पाणी ओतताय?”

“मोगऱ्याशेजारी उभा आहे मी. वाया नाही जाणार.”

आणि अण्णा चालू लागले. पहिल्या पावलाला बुटाच्या आतल्या बाजूनं पिचकारी उडाली. दुसऱ्या पावलाला जरा बारीक. दहा पावलांत मोगऱ्याचं आळं ओलं झालं होतं आणि बुटातून नुसती चुळूकचुळूक ऐकू येत होती. पाय टेकला की तळ दबतो, पाणी भोकातून बाहेर. पाय उचलला की हवा आत. म्हणजे प्रत्येक पाऊल हाच एक छोटा पंप.

“आता सांगा, तुम्ही पावसाळ्यात गमबूट घालता. वरून पाणी शिरलं तर?”

“शिरलं तर शिरलं. घरी येऊन बूट उलटा करते.”

“सैनिकाला घर नसतं. ओढा ओलांडला, बूट भरला, पुढे आणखी सहा ओढे. चामड्याचा बूट असेल तर तो पाणी पितो, जड होतो, वाळायचं नाव घेत नाही. पाय दिवसचे दिवस ओला. आपल्या चिखल्या माहीत आहेत ना?”

चिखल्या कुणाला माहीत नाहीत? श्रावणात बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडते, चिरते, आग होते, आणि मग आई हळद-तेल लावून बसवते. अण्णांचं म्हणणं असं, की जंगलातल्या सैनिकाला तसंच व्हायचं, फक्त आई नसायची आणि बसायचीही सोय नसायची. पाय सोलवटून निघायचा, माणूस चालेनासा व्हायचा. त्यात चामड्यावर बुरशी, शिवणीचा सुती दोरा कुजलेला, तळ उकललेला. शत्रूची गोळी लागायच्या आधीच बूट दगा द्यायचा.

“म्हणून सगळ्यांनी आधी धडपड केली ती पाणी आत येऊ नये यासाठी,” अण्णा म्हणाले. “आणि शहाणपण सुचलं ते उलटं. पाणी येणारच. ते बाहेर कसं जाईल ते बघा.”

“हे मी तुम्हाला मोरीच्या उताराबद्दल लग्नापासून सांगतेय,” वहिनी म्हणाल्या.

अण्णांनी मग सावलीतल्या रांगेतला एक एकटाच बूट उचलला. नुसत्या कॅनव्हासचा, उंच, रबरी तळाचा. जोडीदार नाही, मिळाला तोच एकटा. हा अमेरिकेचा १९४२ सालचा जंगल बूट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करानं पनामाच्या जंगलात माणसं पाठवून सामान वापरून पाहिलं. त्या प्रयोगांमागे क्रेसन कर्नी नावाचा अधिकारी होता. बुटाच्या आत घालायला त्यांनी एक जाळीचं अस्तर काढलं होतं, सारन नावाच्या प्लास्टिकच्या धाग्यांचं, थरावर थर देऊन केलेलं. प्लास्टिक पाणी पीत नाही आणि जाळीत हवा खेळते. बाहेर काढलं, धुतलं, झटकलं की कोरडं. मी बोट घालून पाहिलं, तर आमच्या माठाखालच्या प्लास्टिकच्या जाळीसारखंच लागलं.

“याचे दोष दोन,” अण्णा म्हणाले. “वजनाला हलका, पण पायाला आधार नाही. आणि लवकर फाटतो.”

“आणि हा तळ असा का? पाट्याला टाके घातल्यासारखा?” मी दुसऱ्या बुटाकडे बोट दाखवलं.

ही उपमा अण्णांना इतकी आवडली की त्यांनी ती तिथल्या तिथे आपलीशी केली. चिखलात चालताना नेहमीच्या तळाच्या खाचा भरतात आणि मग बूट म्हणजे गुळगुळीत ढेकूळ होतं, हे भातलावणीला गेलेल्या कुणालाही विचारा. १९४४ मध्ये रेमंड डोबी नावाच्या अमेरिकी सार्जंटनं तिरप्या दात्यांचा एक तळ योजला. पाऊल पडलं की दाते फाकतात आणि चिखल बाहेर ढकलला जातो. त्याला म्हणतात पनामा तळ. पण तो तयार होईतो महायुद्ध संपत आलं होतं, आणि मग ती कल्पना वीसेक वर्षं तशीच पडून राहिली. व्हिएतनामच्या लढाईत, साठच्या दशकाच्या मध्यावर, भोकांचे बूट आले तेव्हाही पहिल्या जोडांना विब्रम पद्धतीचाच तळ होता. इटलीचा विताले ब्रामानी म्हणून गिर्यारोहक, त्याच्या नावाआडनावाची टोकं जोडून झालेला हा शब्द. डोंगरातल्या खडकाला तो तळ उत्तम, पण शेतातल्या चिखलात तो भरून जायचा. मग सार्जंटसाहेबांच्या तळाची आठवण झाली.

“सरकारी फाईल सगळीकडे सारखीच,” वहिनी कुरडई उलटत म्हणाल्या.

“म्हणून आम्हा लोकांत,” अण्णांचा ‘आम्हा लोकांत’ म्हणजे जगभरातले आणखी असेच काही वेडे, “पहिल्या खेपेचा जोड दुर्मीळ. विब्रमचा तळ, आणि घोट्यावर आडवी पट्टी नाही. ती मजबुतीची पट्टी नंतर आली. पट्टी दिसली की समजायचं, हा मागाहूनचा.”

“पट्टी नाही म्हणून जास्त पैसे,” वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या. “ब्लाउजला काठ नाही म्हणून शिंप्यानं जास्त पैसे मागितले तर देऊ का आपण?”

वहिनींचा राग तसा वरवरचा. खरा राग आहे तो एका व्यवहारावर, आणि तो त्यांनी आवाज खाली आणून, पण अण्णांना ऐकू जाईल इतपत सांगितला. एका शहरातल्या जुन्या बाजारात अण्णांनी व्हिएतनामच्या काळातला एक जोड घेतला. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, अगदी अस्सल. अण्णा हरखले. घरी आणून काचेच्या कपाटात लावला. महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून झाला. आणि मग दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी तो खाली काढला.

“मला काय कळतंय त्यातलं? पण चाळीस वर्षं मोज्यांच्या जोड्या लावतेय मी. दोन्ही पालथे केले, आत डोकावले, तर दोघांचे शिक्के वेगळे.”

आता शिक्क्याचं असं आहे. अमेरिकी लष्कराचं सामान खरेदी करणाऱ्या खात्याचं तेव्हाचं नाव संक्षेपानं डीएसए. बुटाच्या आत कंत्राटाचा क्रमांक असतो, तो ‘डीएसए-१००’ असा सुरू होतो आणि त्यानंतरचे दोन आकडे म्हणजे त्या खात्याचं आर्थिक वर्ष. १९७७ पासून खात्याचं नाव बदललं, म्हणून डीएसए दिसलं की माल त्याआधीच्या कंत्राटाचा. शिवाय मापाचा आकडा, आणि आकड्यापुढे रुंदीचं अक्षर: आर म्हणजे नेहमीचा, डब्ल्यू म्हणजे रुंद. आपल्याकडे दुकानदार ‘आठ नंबर’ म्हणून मोकळा होतो. त्यांच्याकडे पायाची लांबीही मोजत होते आणि रुंदीही.

“तर डावा सदुसष्ट सालचा आणि उजवा एकोणसत्तरचा,” वहिनी म्हणाल्या. “डावा नऊ आर, उजवा नऊ डब्ल्यू. एक पाय सडपातळ, एक गुटगुटीत. अशा माणसाला पलटणीत तरी घेतला असता का?”

अण्णांनी बूट पुसत असल्याचं दाखवलं. पण ते खिलाडू वृत्तीचे आहेत. म्हणाले, “तेव्हापासून नियम केला. खरेदीआधी दोन्ही पायांचे शिक्के वाचायचे, आणि वाचायला हिलाच न्यायचं.”

त्या बेजोड जोडाच्या तळात एक गोष्ट मात्र अस्सल होती, ती अण्णांनी मला तळ वाकवून दाखवली. म्हणजे वाकवायचा प्रयत्न केला, तो वाकेना. तळाच्या थरांमध्ये गंज न चढणाऱ्या पोलादाचा पत्रा असतो. व्हिएतनाममध्ये बांबूच्या टोकदार खुंट्या खड्ड्यात पुरून वर पालापाचोळा पसरलेला असायचा. पाय पडला की खुंटी तळव्यातून आरपार. त्यावर हा पत्रा. आणि तळ शिवलेला नाही. रबर तापवून, दाबून सरळ चामड्यावरच बसवलेलं. शिवणच नाही तर दोरा कुजणार कुठला?

“बांबूची एक काडी,” वहिनी म्हणाल्या, “आणि तिच्यासाठी लाखो बुटांत पत्रे घाला. कुणाला स्वस्त पडलं ते सांगा.”

अण्णा गप्प बसले. मग विषय बदलायला म्हणून असेल, त्यांनी आवाज चढवून विचारलं, “ताई, या देवळालीत अमेरिकी सैनिक येऊन राहिले होते, हे माहीत आहे तुम्हाला?”

ब्रिटिशांचं माहीत होतं. ते मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन्महिने पडून असायचे. उन्हानं, कंटाळ्यानं काहींची डोकी फिरायची. देवळालीचं त्यांच्या तोंडी झालं ‘डूलाली’, आणि वेडसर माणसाला इंग्रजीत तो शब्द आजही चालतो.

“त्या शब्दाची प्रात्यक्षिकं आमच्या घरी चालू असतात,” वहिनींनी संधी सोडली नाही.

पण अण्णांची गोष्ट पुढची होती. ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबई बंदरात अमेरिकेची एक खास तुकडी उतरली. सुमारे तीन हजार माणसं. पुढे जनरल मेरिलच्या नावानं ती ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजली. मुंबईहून ती आधी इथे देवळालीला आली, इथून मध्य भारतात सरावाला गेली, आणि मग ब्रह्मदेशाच्या जंगलांत शेकडो मैल पायी चालून १७ मे १९४४ ला तिनं मिचिनाचा विमानतळ घेतला. पोहोचेपर्यंत रोगराईनं आणि चालण्यानं तुकडीची चाळण झाली होती.

“तीन हजार माणसं म्हणजे सहा हजार बूट,” अण्णांचे डोळे चमकत होते. “एखादा तरी इथे कुठल्या बराकीत, कुठल्या माळ्यावर राहिला असेल की नाही?”

“म्हणून हे कॅम्पातल्या प्रत्येक भंगारवाल्याला ओळखतात,” वहिनी. “परवा एकानं हाक मारली, ‘अण्णा, तुमचा माल आलाय.’ सगळ्या गल्लीनं ऐकलं. काय वाटलं असेल लोकांना!”

काय माल होता? शाळेतले एनसीसीचे बूट. अण्णांनी भंगारवाल्याचं मन राखायला पन्नास रुपये देऊन घेतले.

मी विचारलं, “आणि आपल्या लोकांचं काय? त्याच ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपले मराठेही होते ना?”

“होते तर! १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला मराठ्यांची चौथी पलटण लढली. हिंदी पलटणींच्या पायात बहुतेक ते चामड्याचे, खिळे ठोकलेले, टाचेला नाल मारलेले बूट. कानपूरला कूपर अ‍ॅलनसारख्या कारखान्यांत लष्करासाठी ढिगानं बूट व्हायचे. आणि मला आजवर त्यातला, त्या मोहिमेतला म्हणून खात्रीनं सांगता येईल असा एकही मिळालेला नाही.”

“मिळणार कसा?” वहिनी म्हणाल्या. “आमचे आजोबा फौजेतून आले ते बूट घालूनच शेतात गेले. तळ गेला तेव्हा मोच्याकडून दोनदा लावून घेतला. वरचं गेलं तेव्हा त्याच्या चामड्याचे तुकडे बैलांच्या जोत्याला लागले. टाकलं काय? काही नाही.”

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना क्षणभर कुणी बोललं नाही. अण्णा हातातल्या बुटाकडे बघत होते. तो अगदी कोरा होता. गोदामातून निघालेला, कधीच कुणाच्या पायात न गेलेला. त्यांच्या कपाटातले निम्मे तसेच आहेत. जे चालले ते झिजून संपले. आणि जे आज कपाटात मिरवतायत, त्यातले बरेचसे कधी चाललेच नाहीत.

“त्या जपान्यांचं सांगा ना ताईंना,” वहिनीच म्हणाल्या. नवऱ्याच्या छंदाची कितीही चेष्टा केली तरी त्यातल्या गोष्टी त्यांना तोंडपाठ आहेत.

जपानी सैनिक जंगलात रबरी तळाचे, कापडी, अंगठा वेगळा असलेले ‘जिका-ताबी’ वापरायचे. आपल्या कोल्हापुरीला अंगठा असतो, तसा त्या बुटालाच अंगठ्याचा वेगळा कप्पा. झाडावर चढायला सोपं, पाय घट्ट धरून राहतो. ते ताबी बनवण्यात पुढे आलेला एक उद्योजक म्हणजे शोजिरो इशिबाशी. घरचा धंदा मोज्यांचा. मोज्याला रबरी तळ लावता लावता रबराचं कसब हाती आलं आणि १९३१ मध्ये त्यानं टायरची कंपनी काढली. इशिबाशी म्हणजे दगडी पूल. त्याचं इंग्रजी करून कंपनीचं नाव ठेवलं ब्रिजस्टोन.

“म्हणजे मोजेवाला टायरवाला झाला,” वहिनी म्हणाल्या. “आणि फ्रेंचांचं उलटं.”

फ्रेंचांचं उलटं, हे खरं. ल्योंजवळ १९२० मध्ये पॅलाडियम ही कंपनी निघाली ती विमानांच्या टायरसाठी. कापडावर रबर चढवायचं. महायुद्ध संपल्यावर टायरची मागणी पडली, मग त्याच कापडाचे आणि रबराचे त्यांनी १९४७ मध्ये बूट काढले. फ्रेंच फॉरिन लीजनच्या सैनिकांनी ते वापरले. आज कॉलेजातली पोरं तेच मिरवतात.

“आणि इंग्रजांच्या हेरांनी तर कमाल केली,” अण्णा आता रंगात आले होते. “किनाऱ्यावर उतरताना बुटांचे ठसे उमटले तर जपान्यांना कळणार. म्हणून बुटाच्या तळाला लावायला अनवाणी पावलाच्या आकाराचे रबरी तळवे बनवले, बोटांसकट. वाळूत ठसा उमटायचा तो गावातल्या माणसाच्या पावलाचा.”

“हडळीची पावलं उलटी असतात, यांची नकली,” वहिनी म्हणाल्या. “दोन्हींपासून सावध राहिलेलं बरं.”

तेवढ्यात फाटकाशी हाक आली. “कांदं हायेत का घ्यायचं? उन्हाळ कांदं!”

सिन्नरकडचे बाबा दर वर्षी मेमध्ये येतात. वर्षाचा कांदा आम्ही त्यांच्याकडूनच भरतो. टेम्पो कोपऱ्यावर उभा, खांद्यावर गोणी, डोक्याला मळकं मुंडासं. त्यांनी गोणी खाली ठेवली आणि अण्णांची नजर एकदम त्यांच्या पायांवर गेली. मग माझीही गेली.

टायरच्या चपला. जुन्या ट्रकच्या टायरमधून कापलेला तळ, त्यावरची नक्षी अजून शाबूत, वर दोन आडवे पट्टे. लहानपणी प्रत्येक बाजाराच्या गावी या चपला ढिगानं असायच्या. हल्ली महिनोन्महिने दिसत नाहीत.

“बाबा, कुठे घेतल्या?”

“येका म्हाताऱ्यानं करून दिल्या. आता न्हाई तो. बारा सालं झाली. पान्याला न्हाई, काट्याला न्हाई, कश्यालाच भीत न्हाईत.”

अण्णा माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, “ताई, व्हिएतनामचे गनिमी सैनिक काय घालत होते, ठाऊक आहे? हेच. जुन्या ट्रकच्या टायरचा तळ, ट्यूबचे पट्टे. हो ची मिन्ह चपला म्हणतात त्याला. समोर पोलादाचा पत्रा, नायलॉन, तिरपे दाते, पाण्याची भोकं. आणि इकडे हे.”

“ह्याला भोकं लागतात कुठे?” वहिनी म्हणाल्या. “सगळी चप्पलच भोक आहे. पाणी आलं तसं गेलं.”

आणि मग जे व्हायचं तेच झालं. अण्णांनी बाबांना विचारलं, “विकता का?”

बाबा आधी हसले. मग लक्षात आलं की माणूस खरंच विचारतोय. “आन मी घरला अनवानी जाऊ?”

“हे घ्या की. हे बदल्यात.” अण्णांनी पायातले ते नकली जंगल बूट काढून पुढे केले. उजवा अजून ओला होता.

बाबांनी एक बूट हातात घेतला, वजन केलं, उलटा केला, भोकाला बोट लावलं. “हे भोक कशापायी?”

“पाणी बाहेर जायला.”

“पानी जाईल, खरं हाय. पन भोकातून रानातली बारीक माती आत शिरली, तर ती काय बाहेर येते व्हय?” त्यांनी बूट परत दिला. “ऱ्हाऊ द्या. कांदं किती किलो?”

जंगल बुटांच्या त्या भोकांवर म्हणूनच तर बारीक जाळी बसवतात, हे अण्णांना सांगायचं होतं. त्यांच्या नकली जोडाला ती जाळी नाही, हेही त्यांना माहीत होतं. ते काहीच बोलले नाहीत. वहिनींनी वीस किलो कांदे मोजून घेतले, बाबांना पाणी आणि गूळ दिला, आणि बाबा टायरची नक्षी मातीत उमटवत टेम्पोकडे गेले. अण्णा त्या ठशांकडे बराच वेळ बघत होते. मग आत जाऊन वही आणली आणि त्यात काहीतरी लिहिलं. मी मान लांब करून वाचलं: ‘टायरची चप्पल, सिन्नर, बारा वर्षं वापर. मिळाली नाही.’

वहीत अशा बऱ्याच नोंदी आहेत. वहिनी म्हणतात, कपाटापेक्षा वही जास्त कामाची, आणि तिला पुसावं लागत नाही.

जाता जाता अण्णांनी मला चार गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगते, कारण आपल्याकडे फौजेत गेलेल्या माणसांची घरं गावोगाव आहेत आणि माळेही गावोगाव आहेत. माळ्यावर आजोबांचे, चुलत्यांचे लष्करी बूट सापडले, तर आधी भंगारवाल्याला हाक मारू नका. पॉलिश करू नका, तेल लावू नका, धुऊ नका. तळाच्या खाचेत वाळून बसलेला चिखलसुद्धा राहू द्या. वहिनींनी एकदा असा एक तळ ब्रशनं घासून लख्ख केला होता आणि अण्णा दोन दिवस जेवले नव्हते. कड्यांवर हिरवा मेणचट थर दिसला तर तो चामड्यातली चरबी आणि पितळ यांचा उद्योग असतो. कोरड्या मऊ फडक्यानं हलकेच टिपा. उन्हात ठेवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आत रद्दी कोंबू नका. अ‍ॅसिड नसलेला पातळ कागद भरा. कोरड्या, सावलीच्या जागी सुती फडक्यात ठेवा.

आणि सगळ्यात आधी एक चिठ्ठी लिहून आत घाला: कुणाचे, कुठली पलटण, कुठे गेले होते, कधी परत आले. घरात ज्या कुणाला हे आठवतंय, त्याला आजच विचारा. बूट टिकवायला कागद-फडकं मिळेल. हे सांगणारं माणूस मिळणार नाही.